आकडा कुणी सांगितला?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीचा संगणक संध्याकाळीही चालूच असतो. दिवाणजी घरून व्हीएनसी, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडतात आणि टॅली समोर येतं. या दोन संगणकांची पहिली ओळख होते तिथेच मेख आहे.

पेढीवरचा संगणक आधी 12 बाइटांत प्रोटोकॉलची, म्हणजे आपसात बोलायच्या नियमांची, आवृत्ती कळवतो. पासवर्ड जुळला की पडद्याची रुंदी 2 बाइट, उंची 2, रंगांचा तपशील 16. मग 4 बाइटांत एक आकडा, म्हणजे 'माझं नाव इतकं लांब आहे', आणि शेवटी ते नाव. समजा, घरच्या प्रोग्रामने नावासाठी 256 बाइटांची जागा राखली आहे आणि आकडा आला 3000. यार्डात ट्रकवाल्याच्या तोंडी वजनावर कुणी पावती फाडत नाही, माल आधी काट्यावर जातो. घाईत लिहिलेला प्रोग्राम मात्र काट्याकडे न बघता सगळं उतरवून घेतो. 2744 बाइट शेजारच्या जागेत सांडतात. तिथे पुष्कळदा 'हे काम संपलं की कुठे परतायचं' तो पत्ता असतो. नुसता कचरा सांडला तर प्रोग्राम बंद पडतो. नेमका पत्ता सांडला, तर पुढची आज्ञा पाठवणाऱ्याची. म्हणजे पेढीवरचा संगणक आधीच कुणाच्या ताब्यात गेला असेल, तर घरून बघणाराही त्याच्या तावडीत सापडतो.

आकडेमोडही दगा देते. क्लिपबोर्डच्या मजकुराची लांबीही 4 बाइटांत येते, जास्तीत जास्त 4294967295. मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य ठेवतात; त्याच्या जागेसाठी त्यात 1 मिळवला की 32 बिटांचा आकडा फिरून 0 होतो. शून्य जागा मागितली आणि माल चार अब्ज बाइटांचा!

2019 मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना चार व्हीएनसी सॉफ्टवेअरमध्ये मिळून 37 दोष सापडले. त्यात टाइटव्हीएनसी 1.3.10 होतं, आणि ती मालिका निर्मात्यांनी सांभाळणं कधीच सोडलं होतं. ती काढून 2.x बसवा, पेढीवर आणि घरीही. घरचा व्ह्यूअर, म्हणजे बघायचा प्रोग्राम, लोक हमखास विसरतात.

राउटरवर 5900 पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचं नेहमीचं दार, बाहेरच्यांसाठी उघडा असेल तर बंद करून व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, कुलूपबंद वाटेने, या. लांबलचक पासवर्डवर विसंबू नका: व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पहिली 8 अक्षरंच मोजली जातात, नववं टाकलं काय, न टाकलं काय.