थेट सरपंच आणि तहकूब ग्रामसभा : पार्श्वभूमी

सरपंच गावाने थेट निवडायचा की निवडून आलेल्या सदस्यांनी आपसांत ठरवायचा, हा नियम राज्याने 2017 पासून तीनदा फिरवला. तिन्ही वेळा दाखला दिला गेला तो ग्रामस्वराज्याच्या मूळ हेतूचा. तेव्हा आधी त्या हेतूकडेच बघू.

घटनेच्या मूळ मसुद्यात गावपंचायत नव्हतीच. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना मसुदा समितीच्या अध्यक्षांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना चांगलंच सुनावलं आणि गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. सभागृहात नाराजी झाली. 22 नोव्हेंबरला दुरुस्ती आली, तीच पुढे अनुच्छेद 40 झाली; तीही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे जिथे कोर्टाचा हुकूम चालत नाही तिथे. वऱ्हाडातल्या गावाचं गावकूस ज्याने पाहिलंय, त्याला अध्यक्षांची शंका आजही पोकळ वाटणार नाही. ‘घटनाकारांचा हेतू’ म्हणून भाषणात जे ठोकून दिलं जातं, ते पहिल्या दिवसापासून एकमुखी नव्हतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडने 1948 च्या कायद्याने तहसीलगणिक जनपद सभा काढल्या होत्या. विदर्भ मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला आणि त्या गेल्या. त्यांच्या जागी 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ज्या समितीच्या शिफारशीवर हे उभं राहिलं, तिचे अध्यक्ष पुसदकडचे वसंतराव नाईक, तेव्हाचे महसूलमंत्री आणि पुढे अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री. समितीने एक गोष्ट धाडसाने केली : आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं, कलेक्टरलाही. पुढल्या दाराने काढलेला आमदार परसदाराने आत आला तो ‘पंचवीस पंधरा’तून. 2515 हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटातलं खातं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचं. गावातला सिमेंट रस्ता, सभामंडप, त्यावरची आमदाराच्या नावाची पाटी, हे सगळं त्यातलं. सरपंच त्यासाठी आमदाराच्या बंगल्यावर सकाळी सातला जाऊन बसतो. ग्रामसभेचा ठराव मागाहून जोडला जातो.

73 व्या घटनादुरुस्तीबद्दल (24 एप्रिल 1993 पासून लागू) सर्वांना माहीत आहे. एवढंच बघा, की अकराव्या अनुसूचीतले 29 विषय पंचायतींना द्यावेतच असं त्यात नाही. राज्य देऊ शकेल, असं आहे. या ‘शकेल’वर गेली तीस वर्षं ढकलली गेली.

आता थेट सरपंच. आधीची पद्धत सदस्यांतून निवडण्याची. नऊ सदस्यांची पंचायत असेल तर पाच डोकी पुरेत. निकाल लागला की ती पाच डोकी गाडीत बसवून ‘सहली’ला जात आणि निवडीच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरत. गावाला त्यात बोलायला जागा नव्हती. 2017 च्या जुलैत, मुख्यमंत्री नागपूरचे असताना, अध्यादेश निघाला : सरपंच जनतेतून, आणि 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट. विरोधकांचं म्हणणं असं, की गावात पाय नसलेल्या पक्षाला एका चेहऱ्यावर गाव घेता यावं म्हणून ही सोय. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसतं हे खरं. कपबशी नि पंखा असतो. पण निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा सांगतोच, आणि सगळ्यांचे आकडे जोडले तर गावंच कमी पडतात.

2019 च्या नोव्हेंबरात सरकार बदललं, 2020 मध्ये निर्णयही बदलला. नव्या सरकारच्या अध्यादेशावर राज्यपालांनी सही केली नाही, म्हणून अधिवेशनात विधेयक आणावं लागलं. कारण दिलं ते खोटं नव्हतं : सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं, मासिक सभेत ठरावच होईना, पाणीपुरवठ्याचं बिल थकलं. मग जानेवारी 2021 च्या मतदानात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली गेली. काही ठिकाणी पॅनल जिंकलं, पण सोडतीत निघालेल्या प्रवर्गाचा माणूस होता हरलेल्या पॅनलकडे. जून 2022 च्या अखेरीस पुन्हा सत्तांतर, जुलैत पुन्हा थेट सरपंच. पाच वर्षांत तीन फिरवाफिरवी, आणि एकाही वेळी कोणत्या ग्रामसभेला कोणी विचारलं नाही. माझ्या मते थेट निवड बरी, निदान ‘सहली’ तरी थांबल्या. पण दोन्ही बाजूंचा जीव गावात अडकला होता असं मला वाटत नाही.

ग्रामसभेचं काय होतं ते 15 ऑगस्टला बघावं. झेंडा झाला, पोरांना बिस्किटं वाटली, सतरंजीवर बारा-पंधरा माणसं. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. तेवढे कोण येणार, बाहेर सोयाबीनवर फवारणी चालू. सचिव, म्हणजे ग्रामसेवक, सभा तहकूब करतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग एक दिवस प्रोसिडिंग बुक घरोघर फिरतं आणि सह्या भरतात. “काऊन बाप्पा, सभा झाली का?” असं एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “झाली म्हंते सचिव. मी अंगठा देल्ला.”

पैशाची गोष्ट आणखी पुढे गेली. चौदाव्या वित्त आयोगाने (2015–20) निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आणला, ते चांगलंच होतं. पंधराव्यात बंधित-अबंधित आलं. 2021–26 साठी बंधित 60 टक्के, म्हणजे पाणी नि स्वच्छतेवरच. आराखडा पोर्टलवर चढवायचा, पेमेंट डिजिटल सहीने. सही दोघांची, सरपंचाची आणि सचिवाची. पण कित्येक ठिकाणी सरपंचाच्या सहीचा डोंगल सचिवाच्या बॅगेतच असतो, विशेषतः सरपंच बाई असल्या की.

वरच्या पायरीवर तर निवडून आलेलं कोणीच नव्हतं. स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाचा खटला मुळात वाशीमहून सुरू झाला. मार्च 2021 च्या त्या निकालानंतर निवडणुका लांबत गेल्या. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांवर मार्च 2022 पासून प्रशासक बसले. निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते मे 2025 मध्ये. या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच विषय मांडायचा आणि मंजूरही तोच करायचा.

याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकला. तिथे ठराव बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकजणही अडला तर विषय पुढच्या सभेला. असं गाव मोजायला हाताची बोटं पुरतात.

2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं गेलं. आमच्याकडे लोक अजून सचिवच म्हणतात, आणि काम असलं की आधी त्याचीच गाडी उभी आहे का ते बघतात.