व्हिडिओतली एक फ्रेम वर्गात कशी आली

कानबाईची मिरवणूक असो की अहिराणी गाणी, खान्देशातल्या अनेक घरांत त्यांची चित्रीकरणं अजून व्हीएचएस कॅसेटवरच आहेत. त्यातून वर्गासाठी नेमकी फ्रेम काढताना येणाऱ्या अडचणींचं मूळ त्या काळच्या तंत्रात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ साली सुरू झाले. व्हिडिओ वर्गात आला, फ्रेम मात्र हाती लागेना. व्हीसीआर पॉजवर ठेवला की चित्रावर पट्टे उमटत आणि टेप वाचणारं फिरतं हेड टेपची एकच जागा घासत राही. म्हणून टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढत. शटर १/२५ सेकंदापेक्षा जलद असलं की फोटोत आडवा काळा पट्टा येई.

आपल्याकडच्या टीव्हीची पाल पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला २५ फ्रेमची. प्रत्येक फ्रेम १/५० सेकंदाच्या अंतराने आलेल्या दोन फील्डची असते (एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम), त्यामुळे नाचणाऱ्या हाताच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. दोन्ही फील्ड मिसळली तर हात दुहेरी दिसतो. अभ्यासासाठी एकच फील्ड घेऊन उंची दुप्पट करणं बरं: तपशील कमी होतो, पण हात होता तिथेच राहतो.

पुढे डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओची, टेप आली. तासाला सुमारे १३ जीबी, फ्रेम ७२० × ५७६. हे पिक्सेल चौरस नसतात. फ्रेम ७६८ × ५७६ केली नाही तर चेहरे लांबट होतात, आणि अशी चित्रं प्रबंधांतही छापली जातात, हे खटकतं.

संगणकावर चालणाऱ्या व्हिडिओची फ्रेम प्रिंट स्क्रीनने घेतली की कधी नुसता काळा चौकोन मिळतो. त्याचं कारण पूर्वी वेगळं होतं. ग्राफिक्स कार्ड व्हिडिओ स्वतंत्र थरात दाखवत असे. आता बहुधा कॉपी-संरक्षण आडवं येतं. क्लिप कापतानाची गडबड कीफ्रेममुळे होते. कीफ्रेम म्हणजे पूर्ण साठवलेली फ्रेम; मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेले असतात. काही फायलींत ती १०-१० सेकंदांनी येते, त्यामुळे री-एन्कोड न करता, म्हणजे फ्रेम नव्याने न साठवता, कापलेली क्लिप आधीच सुरू होते किंवा सुरुवातीला गोठते. तेवढा तुकडा री-एन्कोड करावा. स्थिरचित्र तपशील न गमावणाऱ्या पीएनजी फाइलमध्येच ठेवावं.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटातल्या एका दृश्याचा फोटो हीसुद्धा प्रतच. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतीला कलम ५२ मुभा देतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फोटोकॉपीच्या खटल्यात तिचा अर्थ व्यापक लावला. ‘३० सेकंद चालतात’ असा नियम कायद्यात नाही. तीच क्लिप यूट्यूबवर टाकली तर ही मुभा आपोआप लागू होत नाही.