कॉफीच्या पाकिटावरचा शिक्का आणि शेतकऱ्याची पट्टी

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात पट्टी असते. तिच्यावर आधी लिलावात निघालेला भाव असतो, मग हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा होत होत अखेरची रक्कम येते, आणि घरी सगळे विचारतात ते या अखेरच्या रकमेबद्दल. कॉफीच्या पाकिटावरील ‘फेअरट्रेड’ शिक्क्यामुळे कॉफी पिकवणाऱ्याचे खरोखर भले होते का, या प्रश्नावर अभ्यासकांत जो मतभेद दिसतो, त्याचे एक मोठे कारण माझ्या मते हेच आहे की प्रत्येक जण पट्टीवरची वेगळी ओळ वाचत असतो.

अशा शिक्क्याची कॉफी 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम विकली गेली; ती मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची होती. पुढच्याच वर्षी निर्यातीचे कोटे ठरवून भाव सावरणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची व्यवस्था कोलमडली आणि 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला, म्हणजे सुमारे 454 ग्रॅमला, 50 सेंटच्याही खाली घसरली. अशा घसरणीत शेतकऱ्याला तगून राहता यावे, हा या शिक्क्याखाली दिल्या जाणाऱ्या किमान भावाचा हेतू आहे. ओल्या पद्धतीने प्रक्रिया केलेल्या अरेबिकासाठी हा भाव 2011 पासून पौंडाला 1.40 डॉलर होता आणि ऑगस्ट 2023 पासून तो 1.80 डॉलर झाला. याखेरीज पौंडामागे 20 सेंट अधिमूल्य, म्हणजे भावावरची जादा रक्कम, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला मिळते व त्याचा विनियोग सभासद सभेत ठरवतात. बाजारभाव 1.10 डॉलर असेल तर संस्थेला एकूण 2 डॉलर मिळतात, बाजार 2.50 वर असेल तर किमान भावाचा प्रश्नच उरत नाही आणि 2.70 मिळतात.

आपल्याकडील हमीभावाशी याचे साम्य आहे, पण दोन फरक महत्त्वाचे आहेत. पहिला असा की हा भाव बंदरावर जहाजात चढवलेल्या, न भाजलेल्या कॉफीचा असून तो संस्थेच्या खात्यात जमा होतो. फळाचा गर काढणे, बी वाळवणे, सोलणे, निवडणे, बंदरापर्यंतची वाहतूक, संस्थेचा कारभार आणि शिक्क्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचे शुल्क हे सारे त्यातूनच जाते. शेतकऱ्याची पट्टी त्यानंतर सुरू होते. दुसरा फरक अधिक जिव्हारी लागणारा आहे: प्रमाणित झालेला सगळा माल या भावाने विकला जाईल, अशी कोणतीही हमी नाही. शिक्क्याखाली जेवढी मागणी असेल तेवढीच पोती त्या भावाने उचलली जातात आणि उरलेली, त्याच नियमांनी पिकवलेली कॉफी सर्वसाधारण बाजारात जाते. प्रमाणपत्राचा खर्च मात्र पूर्ण द्यावा लागतो.

ग्वाटेमालातील सहकारी संस्थांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून अर्थतज्ज्ञ आलें द जान्व्री, क्रेग मॅकिंटॉश आणि एलिझाबेथ सादुले यांनी 2015 मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. प्रमाणपत्र फायद्याचे ठरू लागले की नव्या संस्था ते घेतात, प्रमाणित माल मागणीपेक्षा वाढतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी शिक्क्याची विक्री इतकी आटते की खर्च वजा जाता सरासरी लाभ जवळजवळ नाहीसा होतो. यात कोणाचीही लबाडी नाही, आणि म्हणूनच हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो.

मुळात हा लाभ मोजायचा तरी कसा? समजा, सांगोल्यात निर्यातीचे प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या डाळिंब बागायतदारांचे उत्पन्न आपण शेजारी शेजारी मांडले. प्रमाणपत्रवाला पुढे दिसेल. पण ज्याच्याकडे शेततळे व ठिबक आहे, जो फवारणीची नोंद नेमाने ठेवतो आणि तेल्या रोगाच्या वर्षीही ज्याची बाग तगते, तोच प्रमाणपत्राच्या वाटेला जाण्याची शक्यता अधिक असते. मग पुढे नेले ते प्रमाणपत्राने की आधीपासूनच्या ऐपतीने, हे साध्या तुलनेतून कळत नाही. संशोधक याला निवडीचा दोष म्हणतात, आणि शिक्क्याची वाहवा करणाऱ्या पुष्कळ अहवालांत तो असतो.

अर्थतज्ज्ञ रालुका द्रागुसानू, एदुआर्दो मोंतेरो आणि नेथन नन यांनी कोस्टारिकातील सर्व कॉफी प्रक्रिया केंद्रांच्या 1999 ते 2014 या काळातील नोंदी घेऊन या दोषावर बऱ्याच अंशी मात केली, कारण त्यांना एकाच केंद्राची प्रमाणपत्र नसतानाची आणि असतानाची वर्षे ताडून पाहता आली. त्यांना निर्यातभावात पौंडाला सुमारे 5 सेंटची वाढ आढळली, आणि जगाचा बाजार पडलेला असताना ती अधिक होती. मळ्यांच्या मालकांचे उत्पन्न वाढले, मध्यस्थांचे घटले. अकुशल मजुरांच्या उत्पन्नात मात्र फरक दिसला नाही.

लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या गटाने इथिओपिया आणि युगांडात मजुरांवरच लक्ष केंद्रित करून 2014 मध्ये अहवाल दिला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांतील शेतमजुरांची मजुरी इतर भागांपेक्षा कमी असल्याचे त्यात म्हटले होते. लहान शेतकऱ्यांच्या भागांची मोठ्या मळ्यांशी तुलना केल्याचा आक्षेप फेअरट्रेड संघटनेने घेतला आणि तो गैरलागू नाही. तरीही मूळ मुद्दा सोलापूर जिल्ह्याला परका नाही: उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, वाढली म्हणून तोडणी कामगाराची मजुरी आपोआप वाढत नाही, ती त्याला वेगळी झगडून मिळवावी लागते.

2025 च्या सुरुवातीला अरेबिकाचा भाव पौंडाला 4 डॉलरच्या पुढे गेला तेव्हा 1.80 चा किमान भाव कोणाच्याच उपयोगाचा उरला नव्हता. अशा तेजीत व्यापारी रोख पैसे घेऊन थेट बांधावर येतो आणि सभासद असूनही शेतकरी संस्थेला माल घालत नाही, जसा सभासदाचा ऊस चार दिवस आधी पैसे देणाऱ्या दुसऱ्या कारखान्याकडे जातो. संस्थेने परदेशी खरेदीदाराशी केलेले करार तेव्हा अडचणीत येतात. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही. मुलांची फी आणि खतांची उधारी संस्थेच्या हप्त्याची वाट पाहत थांबत नाही. मंदीच्या वर्षी त्याच शेतकऱ्याला किमान भाव हवा असतो, आणि तो देणारी संस्था तेजीच्या वर्षी त्यानेच घातलेल्या मालावर चालते.