कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर

फोर बाय फोर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिखल आणि निसरडी चढण येते. जुन्या जीपवर हात बसलेले चालक तर नवख्याला बजावूनच सांगायचे: डांबरीवर आलास की फोर-व्हील काढ. ते बरोबरच होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात आणि जीपमध्ये फोर-व्हील टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर पोचवणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांना जखडलेले असतात. मातीत चाकं जराशी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तशी घसरत नाहीत. मग स्टिअरिंग जड होतं, टायर किंचाळतात, गाडी उड्या मारत वळते.

म्हणून कोरड्या रस्त्याची गोष्ट मधल्या डिफरन्शियलपासून सुरू होते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीपासून. १९६६ च्या ब्रिटिश जेन्सन एफएफमध्ये ते होतं, पण त्या गाड्या बनल्या जेमतेम ३२०.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांनी फोक्सवॅगनची ७५ हॉर्सपॉवरची लष्करी फोर-व्हील गाडी इल्टिस कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकताना पाहिली. त्यातून ऑडीची चाचणी-गाडी तयार झाली, तीही मधल्या डिफरन्शियलशिवाय. ऑडीची मालक कंपनी फोक्सवॅगनचे विकासप्रमुख एर्न्स्ट फियाला यांच्या पत्नीने ती व्हिएन्नात चालवली आणि पार्किंगमध्ये गाडी उड्या मारते अशी तक्रार केली, असं सांगतात. म्हणजे जीपचंच दुखणं! त्यावर गिअरबॉक्समध्ये २६३ मिलिमीटरचा पोकळ शाफ्ट आला. त्यातून जोर मागे डिफरन्शियलपर्यंत जायचा. तिथून एक वाटा मागच्या चाकांना, दुसरा त्याच पोकळीतल्या शाफ्टने उलटा पुढे. मार्च १९८० मध्ये जिनिव्हात ऑडीची ही फोर-व्हील गाडी क्वाट्रो या नावाने लोकांसमोर आली.

टायरची पकड ठरावीकच असते. वळायला आणि ओढायला तीच वापरावी लागते. इंजिनाचा सगळा जोर दोन चाकांवर पडला की वळायला त्यांच्याकडे कमी पकड उरते. चौघांत वाटला की वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो. ब्रेक मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चारही चाकांनाच असतात, त्यामुळे थांबायचं अंतर इथे कमी होत नाही. हे प्रत्येक मालकाने मनात पक्कं धरावं.

कोरड्या ट्रॅकवरचा सर्वांत बोलका पुरावा मला बंदीचा वाटतो. १९८८ च्या ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतमालिकेत ऑडी २०० क्वाट्रोने १३ पैकी ८ शर्यती जिंकल्या आणि नंतर तिथे फोर-व्हील ड्राइव्हलाच दार बंद झालं. १९९६ मध्ये ए४ क्वाट्रोने सात देशांतल्या टूरिंग कार स्पर्धा जिंकल्या. दोन वर्षांत तिथेही तेच घडलं.

उलट १९६९ मध्ये फॉर्म्युला वनमधले प्रयोग फसले होते. रुंद टायर आणि हवेच्या जोराने गाडी खाली दाबणाऱ्या पंखांमुळे मागच्या दोन चाकांनाच पुरेशी पकड मिळू लागली होती. जादा यंत्रणा नुसतं वजन ठरली. लहान इंजिनाच्या घरगुती गाडीचं कोरड्या महामार्गावर आजही असंच आहे.

आता विजेच्या गाड्यांत पुढे एक मोटर, मागे एक. त्यांना जोडणारा शाफ्टच नाही, म्हणून मधलं डिफरन्शियलही लागत नाही. आणि वेग कमी करताना दोन्ही मोटरींतून वीज बॅटरीत परत जाते.