मधल्या विमानतळाचा व्हिसा: तिकीट काढण्याआधी वाचा

जायच्या देशाचा व्हिसा हातात पडला की बहुतेक प्रवासी निर्धास्त होतात. घोडं अडतं ते मधल्या विमानतळावर, जिथे फक्त विमान बदलायचं असतं. तिथला व्हिसा लागेल का, हे पासपोर्ट कोणत्या देशाचा आणि थांबा कुठे यावर ठरतं, तसंच त्या थांब्यावर इमिग्रेशन ओलांडावं लागतं का यावरही. पहिल्या दोन गोष्टी सगळे विचारतात. तिसरी तिकिटातच दडलेली असते.

एक बुकिंग की दोन?

सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर बॅगा सहसा शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होतात आणि तुम्ही ट्रान्झिट भागातच (विमान बदलणाऱ्यांसाठीचा, इमिग्रेशनच्या अलीकडचा भाग) राहता. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतलीत, तर बऱ्याचदा बॅग पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन नव्याने चेक-इन करावं लागतं. बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश करणं; विमानतळाच्या आतल्यापुरता असलेला ट्रान्झिट व्हिसा तिथे चालत नाही. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल, किंवा नारिताहून हानेदाला, तर एकाच बुकिंगवरही बाहेर पडणं आलंच. रात्र बाहेरच्या हॉटेलात काढायची असेल तरी तेच.

शेंगेन: सर्वाधिक घोटाळा इथेच

समजा, तिकीट दोहा–फ्रँकफुर्ट–माद्रिद–बोगोटा असं आहे. प्रवासी म्हणतो, मला युरोपात कुठे राहायचंय? पण फ्रँकफुर्ट ते माद्रिद हे शेंगेनच्या (आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या) आतलं उड्डाण. त्यासाठी फ्रँकफुर्टलाच पासपोर्ट तपासणी होते आणि तिथेच शेंगेनमध्ये प्रवेश होतो. ज्यांना शेंगेनला व्हिसा लागतो त्यांना इथे पूर्ण शेंगेन व्हिसाच हवा. हाच प्रवास दोहा–माद्रिद–बोगोटा असा केला तर ट्रान्झिट भागातून निघून जाता येतं. त्यातही पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया, इराण अशा १२ देशांच्या नागरिकांना आतल्या आत विमान बदलायलाही विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो (काही सवलती आहेत), आणि सदस्य देश स्वतःच्या यादीत आणखी नावं घालू शकतात.

इतर काही देश

अमेरिकेत थांबा तासाभराचा असला तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. व्हिसाशिवाय ट्रान्झिटची जुनी सवलत २००३ मध्ये थांबवली गेली. सी-१ (ट्रान्झिट) किंवा चालू बी-१/बी-२ (व्यवसाय/पर्यटन) व्हिसा हवा. व्हिसामाफीच्या देशांतल्या नागरिकांना एस्टा (आधी घ्यायची ऑनलाइन परवानगी). कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रान्झिट व्हिसाला फी नाही. मुदत अनुक्रमे ४८ आणि ७२ तास. फुकट आहे म्हणून तो विमानतळावर मिळत नाही, अर्ज आधीच करायचा. चीनमध्ये ठरावीक देशांच्या नागरिकांना २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं, पण पुढचं तिकीट तिसऱ्याच देशाचं हवं. आलात तिथेच परत जाणार असाल तर ही सवलत नाही.

काउंटरवर काय होतं

कागद अपुरे असलेल्या प्रवाशाला नेलं तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं. म्हणून अडवणूक परदेशात होण्याआधी पहिल्याच चेक-इन काउंटरवर होते. तिथला कर्मचारी टायमॅटिक या यंत्रणेतले नियम पाहून सांगतो; त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पासपोर्टची मुदतही पाहा. अनेक देशांना ती सहा महिने शिल्लक लागते. शेंगेनमध्ये परतीच्या तारखेनंतर तीन महिने, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा.

आम्हाला काय पाठवाल

पैसे भरण्याआधी सगळ्या थांब्यांसह पूर्ण मार्ग, पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो आणि हाती असलेले इतर देशांचे व्हिसा किंवा रहिवासी परवाने. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास ब्रिटनसारख्या ठिकाणी ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळू शकते. कुटुंबातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट वेगवेगळ्या देशाचा असेल तर प्रत्येकाचा फोटो वेगळा पाठवा, कारण नियमही प्रत्येकाला वेगळा लागतो.