दिवाणांच्या खुर्चीत बसलेले अर्थशास्त्र

आर्थिक निःसारणाचा सिद्धांत शाळेत दोन ओळींत उरकला जातो: दादाभाई नौरोजी, इंग्रज, देशाबाहेर जाणारी संपत्ती. बडोदेकराला मात्र त्यात घरचा धागा सापडतो. हा विचार घडवणारे दोघे गायकवाडीत दिवाण होते.

मूळ तक्रार दादाभाईंच्याही आधीची, आणि मराठी माणसांची. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये टोपणनावाने मुंबईच्या इंग्रजी पत्रात लिहून ईस्ट इंडिया कंपनी देश धुऊन नेते आहे, असे सुनावले. दोनच वर्षांनी रामकृष्ण विश्वनाथांनी तो विषय मराठी पुस्तकात घेतला.

आकडे आणले ते दादाभाईंनी. १८६७-६८ चे उत्पन्न मांडून त्यांनी दरडोई वर्षाला २० रुपये काढले आणि शेजारी तुरुंगाचा हिशेब ठेवला: कैद्याला पोसायलाच याहून जास्त लागत होते! सरकारचेच कागद सरकारच्या तोंडावर. १८७४ मध्ये ते बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे दिवाण झाले, पण दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, याच्याशी जमेना. जेमतेम वर्षभरात खुर्ची सुटली.

न्यायमूर्ती रानड्यांचा सूर वेगळा. निःसारणाच्या वादात अडकू नका, कारखाने काढा, असे ते १८९० मध्ये पुण्यात म्हणाले. दोन वर्षांनी डेक्कन कॉलेजात त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्टचा आधार घेत, इंग्रजांचे अर्थशास्त्र जसेच्या तसे इथे लागू होत नाही, असे मांडले. मला हा वाद दादाभाईंच्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

रमेशचंद्र दत्त सनदी नोकरीतून निवृत्त झालेले. जबर शेतसाऱ्याने रयत नागवली जाते आणि दुष्काळात तगत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या आर्थिक इतिहासाचा दुसरा खंड १९०४ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बडोद्यात महसूलमंत्री केले. म्हणजे साऱ्यावर टीका करणाऱ्याच्या हातीच साऱ्याचे दप्तर! पुढे ते दिवाण झाले आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी बडोद्यातच वारले.

रानड्यांचा सल्ला इथे आधीच मुरू लागला होता. १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय निघाले होते. १९०८ मध्ये बडोद्याच्या मांडवी भागात बँक ऑफ बडोदा उघडली.

१९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले. कंपनीच्या कारभारावरील १९१५ च्या प्रबंधात त्यांनी हिंदुस्थानने इंग्लंडला काय दिले आणि बदल्यात काय मिळाले, हा जुनाच ताळेबंद पुन्हा मांडला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला. तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे.