मध्ययुगात सारं जग तापलं होतं?

'हजार वर्षांपूर्वी जग आजच्याहून गरम होतं, मग आत्ताच्या तापमानवाढीचा बाऊ कशाला?' हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. मध्ययुगीन उबेची कल्पना ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ ह्युबर्ट लॅम्ब यांनी १९६५ मध्ये मांडली, तीही मुख्यतः युरोपातल्या पुराव्यांवरून. मध्ययुगात थर्मामीटर नव्हते, पण तापमानाच्या खुणा जपणारे प्रवाळ, बर्फाचे थर, झाडं होती. थंड प्रदेशातल्या पाइनच्या खोडातून पेन्सिलीएवढा नमुना काढतात. त्यात दर वर्षीच्या वाढीचं एकेक वर्तुळ दिसतं. उन्हाळा उबदार गेला असेल, तर त्या वर्षीचं वर्तुळ सहसा रुंद. अशा शेकडो नोंदींवरून हवामानशास्त्रज्ञ राफाएल नॉयकोम आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की मध्ययुगात वेगवेगळे प्रदेश वेगवेगळ्या वेळी तापले. गेल्या २००० वर्षांतला सर्वांत उष्ण काळ मात्र पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागावर विसाव्या शतकातच आला.